मोर्चा म्हादईसाठी, पाणी गटारात

चवथीला आठ दिवस होते. रविवार असल्यामुळे माटोळीची लाकडी चौकट धुवायला अंगणात काढली होती, एवढ्यात शेजारच्या काकींची हाक आली, "अरे, मातसो हांगा यो रे!" गेलो. काकींच्या व्हरांड्यात एक टापटीप तरुण बसला होता. गळ्यात टाय, पायांशी काळी बॅग आणि टीपॉयवर दोन काचेचे ग्लास. एकात काकींच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं 'आरओ'चं पाणी. दोन्ही ग्लासांत त्याने एका उपकरणाच्या धातूच्या कांड्या बुडवल्या, बटण दाबलं आणि मिनिटाभरात नळाच्या पाण्याचा चहा झाला! आधी पिवळट, मग तपकिरी, मग तळाशी गाळ. आरओचं पाणी मात्र जसंच्या तसं. काकींनी तोंडाला पदर लावला. "हें उदक आमी इतलीं वर्सां पियेतात?"

मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाची नि माझी शेवटची गाठ शाळेत पडली. पण विद्युत अपघटनाचा धडा त्या शाळेतच झाला होता. काकींकडून चिमूटभर मीठ मागून घेतलं, त्या निर्मळ आरओच्या ग्लासात टाकलं, ढवळलं आणि तरुणाला म्हटलं, "आता परत बटण दाबा." तो म्हणाला, "सर, मीठ घातलं तर मशीन खराब होतं." शेवटी मीच दाबलं. आरओच्या पाण्याचा नळाच्या पाण्यापेक्षा कडक चहा झाला.

रंग पाण्यातल्या घाणीचा नव्हताच, तो कांड्यांचा होता. पाण्यात विरघळलेले क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडी कांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. क्षार काढून टाकले की वीज वाहत नाही, कांडी झिजत नाही, पाणी स्वच्छ दिसतं. मीठ घातलं की पुन्हा तोच खेळ. जादूगाराने टोपीतून ससा काढावा, तसा हा पाण्यातून गंज काढायचा प्रयोग. फरक इतकाच की जादूगार तिकिटाचे पैसे घेतो आणि हा यंत्राचे.

त्या तरुणाचा मला राग आला नाही. त्याला महिन्याचं टार्गेट असणार. राग आला तो आपल्या सगळ्यांचा, आणि सर्वांत आधी माझा. कारण चार वर्षं हेच यंत्र माझ्याही स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं होतं. बोनसच्या पैशांतून, मोठ्या हौसेने घेतलेलं. आई पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "उदकाक रूचच ना रे." मी तिला अडाणी समजलो. अडाणी कोण होतं ते पुढे कळलं.

म्हणून आज स्पष्टच लिहितो. राग येणाऱ्यांनी खुशाल यावा. गोव्यात ज्यांच्या घरी नदीचं, सरकारी नळाचं पाणी येतं, त्या बहुतेक घरांत आरओ बसवणं ही चूक आहे. पैशांची तर आहेच, पाण्याची त्याहून मोठी.

आरओ म्हणजे काय? पंपाचा दाब देऊन पाणी एका अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, मेंब्रेनमधून, ढकलायचं. विरघळलेले क्षार पडद्याच्या अलीकडे अडतात, पलीकडे जवळजवळ क्षारविरहित पाणी निघतं. अलीकडे साठलेले क्षार धुऊन नेण्यासाठी उरलेलं पाणी गटारात सोडावं लागतं. घरगुती यंत्रात साधारण एक लिटर पिण्याचं मिळवायला तीन लिटर टाकून द्यावं लागतं. म्हणजे या यंत्राचं खरं काम आहे खारं पाणी गोडं करणं. जिथे खारेपणाच नाही, तिथे त्याने करायचं काय?

आता खारेपणा किती ते पाहू. पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ, म्हणजे तो सुप्रसिद्ध 'टीडीएस', किती असावा याचं भारतीय मानक आहे: आयएस १०५००. त्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह धरला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला आहे. मी काहीशे रुपयांचा एक मीटर आणला आणि आठवडाभर येड्यासारखा दिसेल त्या पाण्यात बुडवत सुटलो. फोंड्यातल्या माझ्या नळाचं पाणी: ६०. मामाच्या कुळागरातल्या झरीचं त्याहून कमी. मग आडसर फोडून त्याच्या पाण्यात मीटर घातला, आकडा हजारांच्या घरात! त्या तरुणाच्या शास्त्रानुसार आडसराचं पाणी हे विषच म्हणायला हवं. आपण मात्र ते आजारी माणसाला मुद्दाम पाजतो.

यात आश्चर्य काही नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात सरासरी तीन मीटर पाऊस कोसळतो. तो जांभ्या दगडातून झिरपून, डोंगर उतरून थोड्याच दिवसांत नदीला मिळतो. क्षार गोळा करायला त्याला वेळच नसतो. राजस्थानात किंवा मराठवाड्यात शेकडो फूट खोल बोअरवेलचं जड पाणी पिणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी केलेलं औषध आपण इथे निरोगी माणसाला देतो आहोत.

बरं, ६० टीडीएसचं पाणी यंत्रात घातलं तर काय होतं? पलीकडून साधारण ६ चं निघतं. ते बेचव लागतं, म्हणून कंपनी 'टीडीएस कंट्रोलर' देते. हा कंट्रोलर काय करतो? मेंब्रेनमधून न गेलेलं पाणी थोडं आत मिसळतो! जे पाणी वाईट म्हणून पैसे मोजले, तेच परत मिसळायला आणखी पैसे. शिवाय 'मिनरल कार्ट्रिज' असतं. आधी फुकट आलेली खनिजं काढायची, मग विकत आणून घालायची.

आणि गटारात गेलेलं पाणी? तीन लिटरमागे हिशेब मांडून पाहा. त्याचा टीडीएस जेमतेम ८० च्या आसपास भरतो. मानकाची मर्यादा आहे ५००. म्हणजे 'क्षारयुक्त, टाकाऊ' म्हणून आपण जे सोडून देतो, तेही क्षारांच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतं. चार वर्षं माझ्या घरात चांगलं पाणी गटारात आणि बेचव पाणी पेल्यात जात होतं.

पाच माणसांच्या घरात पिण्याला नि स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरू. त्यासाठी साठ लिटर वाया. वर्षाला २१,९०० लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरतील इतकं. चाळीस फ्लॅटच्या एका इमारतीने वर्षाला ८,७६,००० लिटर सोडून दिलं. एप्रिलमध्ये त्याच इमारतीच्या दाराशी टँकर उभा असतो आणि त्याच इमारतीतले लोक सरकारच्या नावाने बोटं मोडत असतात.

आता हे पाणी येतं कुठून? फोंडा आणि तिसवाडीचा मोठा भाग ओपाच्या पाण्यावर जगतो. ओपाचा प्रकल्प पोर्तुगीज काळातला, खांडेपार नदीवरचा. दूधसागराकडून येणारी ही खांडेपार म्हणजे म्हादईचीच लेक, पुढे तिलाच जाऊन मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपार इथे ओपाच्या जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा राजधानी पणजी कित्येक दिवस कोरडी पडली होती. बादल्या घेऊन टँकरमागे धावणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली. एका नदीवर आपण किती अवलंबून आहोत ते त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं होतं. पाणी परत आलं आणि आपण विसरलो.

म्हादईचं पाणी कर्नाटकाने वळवू नये म्हणून आपण भांडतो. भांडलंच पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाचा निवाडा आला, तेव्हापासून टीएमसीचे आकडे आपल्या तोंडपाठ आहेत. मीही मोर्चात चाललो आहे, घोषणा दिल्या आहेत. घसा कोरडा पडल्यावर घरी येऊन आरओच्या तोटीखाली पेला धरला आहे, आणि मागच्या नळीतून तीन पेले म्हादई गटारात गेली आहे. कर्नाटकाने वळवलं तर ती चोरी आणि आपण वळवलं तर ते आरोग्य, असं कसं चालेल?

इथे वाचक विचारतील: सरकारी पाण्यावर विश्वास ठेवायचा कसा? जुलैत नळाला चहा येतो, आणि तो खरा चहा, कांड्यांशिवायचा! प्रश्न रास्त आहे. आपल्या वाहिन्या जुन्या आहेत, कुठे कुठे त्या गटाराला खेटून जातात, पाणी ठरावीक वेळी येतं आणि मधल्या वेळात रिकाम्या वाहिनीत बाहेरची घाण ओढली जाते. पण या सगळ्यातून येतो तो गाळ आणि येतात ते जंतू. त्यावरचे उपाय वेगळे, स्वस्त आणि पाणी वाया न घालवणारे आहेत. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत हेही लक्षात ठेवा. काविळीचे विषाणू असलेल्या पाण्यातही तो ६० च दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

हा मुद्दा एकट्या माझा नाही. २० मे २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की जिथे पाण्याचा टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी आणा. यंत्रं करणारे सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याचं जे व्हायचं ते होईल. आपल्या स्वयंपाकघरात काय टांगायचं हे ठरवायला न्यायालयाची वाट कशाला पाहायची?

त्या दिवशी काकींनीही सरळ विचारलं, "मागीर हांवें कितें घेवचें?" त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो. आधी पाणी पाहा, मग यंत्र पाहा.

नदीचं सरकारी नळाचं पाणी असेल तर तीन गोष्टी पुरतात. गाळ अडवणारा पाच मायक्रॉनचा प्रीफिल्टर, क्लोरीनचा वास नि चव घालवणारा कार्बन आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा किंवा जंतू अडवणारा यूएफ. यूएफला वीजही लागत नाही, त्यामुळे लाईट गेली तरी पाणी मिळतं. हेही नको असेल तर गाळून खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलेलं पाणी कोणत्याही यंत्राच्या तोंडात मारेल असं असतं. आमच्या आजोळी स्टीलचा दोन मजली कँडल फिल्टर होता, तोही अजून मिळतो.

बांयचं पाणी पीत असाल तर गोष्ट निराळी, पण तिथेही आरओ हे उत्तर क्वचितच असतं. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी क्षारांनी कमी पण बरेचदा आम्लधर्मी असतं, काही ठिकाणी लोह असतं. बादलीला तांबूस डाग पडत असतील तर ते लोह. आणि विहिरीपासून शौचालयाचा खड्डा किती अंतरावर आहे ते पावलांनी मोजून पाहा, पोटात गोळा येईल. पाणी प्रयोगशाळेत द्या आणि जंतूंची तपासणी सांगा. मानक म्हणतं, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही आढळता कामा नये. पावसाळ्यानंतर विहिरीत ब्लिचिंग पावडर घाला. लोह असेल तर आधी लोहाचा फिल्टर, मग यूव्ही. क्रम उलटा केलात तर दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर तांबडं पुट बसतं आणि दिवा आत जळत राहतो, जंतू बाहेर पोहत राहतात.

आणि किनारपट्टीला, खाडीकाठी, बोअरवेलला मचूळ पाणी लागत असेल, मीटर ५०० च्या बराच वर जात असेल आणि गोड्या पाण्याची दुसरी सोयच नसेल तर आरओ घ्या, अवश्य घ्या. ते यंत्र त्याच कामासाठी आहे. टाकाऊ पाण्याची नळी मात्र बादलीत सोडा, लादी पुसायला, संडासात घालायला ते चालतं. तुळशीला घालू नका, क्षारांनी माती बिघडेल.

आता देखभालीबद्दल, कारण खरा घोळ इथेच आहे. यंत्र विकत घेताना आपण दहा दुकानं फिरतो आणि भिंतीवर लागलं की त्याच्याकडे देवघरातल्या दिव्यासारखं बघतो. निळा दिवा लागला, नमस्कार केला, पाणी प्यालो.

माझ्या कचेरीतलंच उदाहरण देतो. तिथल्या यंत्रावर 'पुढील सर्व्हिस' अशी चिठ्ठी होती. तिच्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. मी टिपणी लिहून कार्ट्रिज बदलण्याची फाईल वर पाठवली. फाईल परत आली: मागील वेळी कार्ट्रिज केव्हा बदलले त्याची नोंद जोडावी. नोंद नव्हती, म्हणूनच तर टिपणी होती! सात महिन्यांनी मंजुरी आली. मेकॅनिकने डबा उघडला तेव्हा आतली पांढरी कँडल चिऱ्याच्या रंगाची झाली होती आणि हाताला बुळबुळीत लागत होती. दोन वर्षं आम्ही सगळे त्यातून आलेलं पाणी 'फिल्टरचं' म्हणून पीत होतो.

यातलं शास्त्र साधं आहे. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन असतो, तो जंतूंवरचा पहारेकरी. कार्बन त्याला काढून टाकतो. त्यापुढे पाण्याला राखणदार नाही. कार्बन जुना झाला, टाकी धुतली नाही, की तुमचा फिल्टर म्हणजे जंतूंची बालवाडी. न सांभाळलेल्या फिल्टरपेक्षा उकळलेलं पाणी शंभर पटींनी बरं.

तर एवढं करा. गाळाची कँडल तीन महिन्यांनी बदला, पावसाळ्यात दर महिन्याला उघडून पाहा. रंग बदलला, धार बारीक झाली की काढा. ती स्वस्त असते, आणि तीच पुढच्या महागड्या भागांना वाचवते. कार्बन सहा महिने ते वर्षभरात बदला. यूव्ही दिवा साधारण नऊ हजार तासांनी क्षीण होतो. तो निळा दिसतच राहतो, पण जंतू मारायची ताकद गेलेली असते, म्हणून डोळ्यांवर नको, तारखेवर विश्वास ठेवा. साठवणीची टाकी तीन महिन्यांनी आतून धुवा. नवं कार्ट्रिज बसवलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडून द्या. आरओ असेलच तर कंट्रोलर बंद करून आत जाणाऱ्या नि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजा. ६०० चं पाणी ६० वर येत असेल तर मेंब्रेन ठीक आहे. दीडशे-दोनशेवर येऊ लागलं की तिचे दिवस भरले. मेकॅनिक सांगतो म्हणून नको, मीटर सांगतो म्हणून बदला. मातीची कँडल असेल तर मऊ ब्रशने, बिनसाबणाची घासा, चीर दिसली की फेका. आणि प्रत्येक भागावर मार्कर पेनने तारीख लिहा. वार्षिक देखभाल कराराची पावती म्हणजे देखभाल नव्हे.

शेवटचं. मला सगळ्यांत जास्त टोचतं ते पैशांचं वा पाण्याचंही नाही. आमच्या वाड्यावर पूर्वी नळाला गढूळ पाणी आलं की चार माणसं बाटलीत ते पाणी भरून इंजिनियरच्या टेबलावर नेऊन ठेवायची. दोन दिवसांत कुठेतरी वाहिनी दुरुस्त व्हायची. आता बाटली घेऊन कोणी जात नाही. ज्यांच्या अर्जाला वजन आहे, ज्यांना साहेब खुर्ची देतात, त्या सगळ्यांच्या भिंतीवर यंत्र आहे. ते म्हणतात, आमचं काय, आम्ही फिल्टरचं पितो. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा देशातलं पहिलं प्रमाणित 'हर घर जल' राज्य ठरलं, आपण टाळ्या वाजवल्या. पण त्याच नळाला तोंड लावून पिणारी माणसं आपल्या वाड्यावर आहेत. भाड्याच्या खोलीत राहणारे मजूर, काकींकडे भांड्यांना येणारी बाई, तिची पोरं. त्यांच्या बाजूने बोलणारा आवाज आपण यंत्र विकत घेऊन बंद केला.

काकींनी आरओ घेतला नाही, साधा यूएफ घेतला. माझ्याही भिंतीवर आता तोच आहे आणि आईची तक्रार थांबली आहे. पण एवढ्यावर हात धुऊन मोकळं होऊ नका. पुढच्या वेळी नळाला चहा आला की फिल्टर लावून गप्प बसू नका. बाटली भरा, तारीख घाला, अर्ज लिहा. तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. त्या क्रमांकाची किंमत काय असते ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारा मी तुम्हाला सांगतो.